पहिल्या दिवसाचा फोन

२०२५ च्या सप्टेंबरातील गोष्ट. पितृपक्ष चालू होता. बडोद्याच्या दांडिया बाजारातील एका जुन्या घरी रविवारी सकाळी मी शिकवणीला गेलो, तो तंबोरा अजून गवसणीतच होता आणि घरातील मंडळी बैठकीच्या खोलीत एका गहन प्रश्नावर बसली होती. आयफोन १७ पहिल्याच दिवशी घ्यावा की घेऊ नये, हा तो प्रश्न.

त्याच आठवड्यात, म्हणजे ९ तारखेला, हा फोन जाहीर झाला होता. १९ तारखेला तो दुकानात यायचा होता आणि त्याची किंमत ८२,९०० रुपये होती. माझा विद्यार्थी एकोणीस वर्षांचा. त्याचे वडील, ज्यांना आम्ही सारे दादासाहेब म्हणतो, यांची एक ठेव नुकतीच मुदत भरून हाती आली होती. तेव्हा पैशाची अडचण नव्हती. परंतु पैसा आहे म्हणून तो खर्चावा, असे त्या घराचे वळण नाही. आजींचा आक्षेप निराळाच होता. पितृपक्षात नवी वस्तू घरात आणायची नाही, असे त्यांनी एकदाच सांगितले होते. त्यावर नातवाचे उत्तर तयार होते: "आजी, एकोणीसला फक्त आणून ठेवतो. खोका बावीसला, घटस्थापनेला उघडू!"

"मास्तर, तुम्हीच सांगा काय करावं," दादासाहेब म्हणाले. "तुम्ही फोनवर शिकवण्या करता. तुम्हाला त्यातलं कळतं."

मी यंत्रशास्त्राचा माणूस नव्हे. २०२० च्या टाळेबंदीत पोटासाठी फोनसमोर बसून शिकवणे भाग पडले, तेव्हा चार गोष्टी ठेचा खात शिकलो, इतकेच. परंतु मी काही बोलण्यापूर्वीच मुलाने आपले खरे कारण सांगितले. "सर, मला आजीचं गाणं नीट उतरवून घ्यायचंय. या जुन्या फोनवर नको. नवा आला की लगेच करतो."

यावर सगळेच गप्प झाले, आणि मीही. आजी शहाऐंशी वर्षांच्या. मौलाबक्षांच्या हाताखाली १८८६ साली जी गायनशाळा या शहरात निघाली, तिच्यात त्या लहानपणी शिकल्या. त्यांना येणाऱ्या काही चिजांचे पाठ मी छापील पुस्तकांत पाहिलेले नाहीत. शिवाय गौरीची आणि मंगळागौरीची गाणी आहेत ती वेगळीच. "गुरुवारी संध्याकाळी येऊन सांगतो," असे म्हणून मी तंबोरा काढला. पुढले चार दिवस जो विचार केला तो येथे मांडतो. हा प्रश्न दरवर्षी सप्टेंबरात कितीतरी घरांतून पडत असला पाहिजे.

प्रथम किमतीचे पाहू. पहिला आयफोन अमेरिकेत २९ जून २००७ रोजी निघाला. त्यातल्या मोठ्या प्रतीची किंमत ५९९ डॉलर होती. लोक रात्रभर रांगेत उभे राहिले. दहा आठवडेही झाले नाहीत तोच, ५ सप्टेंबरला, तीच किंमत ३९९ डॉलर झाली! रांगेतल्या लोकांनी इतका गिल्ला केला, की स्टीव्ह जॉब्स यांना जाहीर पत्र लिहून आधीच्या गिऱ्हाइकांना शंभर डॉलरांची खरेदी देऊ करावी लागली. हल्ली इतक्या घाईने भाव उतरत नाही, पण उतरतो. आयफोन १५ आपल्याकडे २०२३ च्या सप्टेंबरात ७९,९०० रुपयांना आला आणि वर्षभराने १६ निघताच कंपनीनेच तो ६९,९०० वर आणला. पुढच्या वर्षी १६ चेही तसेच झाले, आकडेसुद्धा तेच. म्हणजे पहिल्या दिवसाच्या किमतीत दहा हजार रुपये हे यंत्राचे नसून पहिलेपणाचे असतात. ते द्यावेत की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. मात्र आपण कशाचे पैसे मोजतो, एवढे कळून मोजावेत.

दुसरी गोष्ट दोषांची. नवा तंबोरा घरी आणला की तो पहिल्या दिवशी बोलत नाही. जवारी पुन्हा लावावी लागते, खुंट्या सरकतात, लाकूड हवेला रुळावे लागते. फोनलाही असे दिवस लागतात. फरक इतकाच, की त्याच्या चाचणीचा शेवटचा भाग पहिल्या गिऱ्हाइकांच्या खिशात होतो. सॅमसंगचा गॅलक्सी नोट ७ ऑगस्ट २०१६ मध्ये विक्रीला आला. त्याच्या बॅटऱ्या पेट घेऊ लागल्या. २ सप्टेंबरला सुमारे पंचवीस लाख फोन परत मागवण्याची घोषणा झाली. बदलून दिलेलेही पेटले आणि ११ ऑक्टोबरला त्याचे उत्पादनच बंद झाले. अमेरिकेने तो विमानातून नेण्यास बंदी घातली. हे टोकाचे उदाहरण, हे मान्य आहे. पण दोन महिने थांबलेल्या माणसाला तो फोन घ्यावाच लागला नाही, हेही खरे.

तिसरी गोष्ट वचनांची, आणि माझ्या मते ती अधिक विचार करण्याजोगी आहे. आयफोन १६ सप्टेंबर २०२४ मध्ये आला तो 'ॲपल इंटेलिजन्स' नावाच्या कृत्रिम बुद्धीचा गाजावाजा करीत. ज्याने तो पहिल्या दिवशी घेतला, त्याच्या फोनात ती बुद्धी नव्हती. तिचा पहिला हप्ता अमेरिकन इंग्रजीत ऑक्टोबरअखेर आला, भारतीय इंग्रजीची पाळी २०२५ च्या मार्चअखेर लागली, आणि जिचे विशेष कौतुक झाले होते ती सुधारलेली सिरी त्याच मार्चमध्ये लांबणीवर पडली. मैफलीचे तिकीट काढून आत जावे आणि 'बुवा पुढल्या वर्षी येतील' असे ऐकावे, तशातला हा प्रकार झाला.

एवढे वाचून कोणी म्हणेल, की मास्तरांना नवे नकोच आहे. तसे नाही. पहिल्या दिवशी घेणाऱ्याची एक बाजू खरोखर बळकट आहे. फोन किती वर्षे सुरक्षित चालेल हे त्याला कंपनीकडून किती काळ सुधारणा मिळतील यावर ठरते. गूगलने ऑक्टोबर २०२३ च्या पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने जानेवारी २०२४ च्या एस २४ पासून सात वर्षांचे वचन दिले. ही वर्षे फोन बाजारात आल्यापासून मोजली जातात, आपण घेतल्यापासून नव्हे. तेव्हा जो माणूस एकच फोन सहा-सात वर्षे वापरणार आहे, त्याने आरंभीच घेतला तर तो मूर्ख ठरत नाही. वर्षभर थांबणारा दहा हजार वाचवतो, पण आयुष्याचे एक वर्ष गमावतो. तसेच ज्याचा फोन मोडला आहे किंवा ज्याच्या सुधारणा बंद झाल्या आहेत, त्याने खुशाल घ्यावा. चित्रणावरच ज्याचे पोट आहे त्याचेही गणित वेगळे.

परंतु माझ्या विद्यार्थ्याचे यांपैकी काहीच नव्हते. त्याच्याजवळ चुलतभावाकडून आलेला आयफोन १२ आहे, म्हणजे २०२० सालचा. २०२५ च्या सप्टेंबरात जी नवी प्रणाली आली ती त्या फोनालाही मिळाली. राहिले गाण्याचे कारण. त्याबद्दल मात्र मी थोडे अधिकाराने बोलू शकतो.

फोनवरून शिकवताना तंबोरा मध्येच नाहीसा होतो, अशी तक्रार कित्येक पालक करतात, आणि नवा महाग फोन घेतल्याने ती जाईल असे त्यांना वाटते. ती जात नाही. फोनवरच्या संभाषणाची व्यवस्था बोलण्यासाठी केलेली असते. एकसारखा चाललेला नाद म्हणजे पंख्याची घरघर, असे समजून ती तो पुसून टाकते. आमचा षड्ज तिच्या लेखी कचरा! झूमने संगीतकारांसाठी मूळ ध्वनी तसाच ठेवण्याची सोय दिली आहे. ती चालू केली की जुन्या फोनवरही तंबोरा ऐकू येतो. दोन गावांतील माणसांना एकत्र गाता येत नाही, कारण आवाज पोहोचायला वेळ लागतो. तो वेळ मुख्यतः वाटेत जातो, फोनच्या किमतीने तो कमी होत नाही. आणि ध्वनिमुद्रण खरोखर सुधारायचे असेल तर या फोनच्या किमतीच्या दहाव्या हिश्शात एक चांगला बाहेरचा मायक्रोफोन येतो.

हे सारे हिशेब झाले. पण चार दिवस माझ्या मनात घोळत होते ते मुलाचे एकच वाक्य: 'नवा आला की लगेच करतो.' हे वाक्य मी पूर्वी ऐकले होते.

माझे वडील, नाना, हे या संस्थानच्या कलावंत कारखान्यातील अगदी शेवटच्या भरतीतले गवई. १ मे १९४९ रोजी बडोदे मुंबई राज्यात विलीन झाले, तेव्हा ते बावीस वर्षांचे होते. मी त्यांचे उतारवयातील अपत्य. मी शाळेत असताना, १९९१-९२ च्या सुमारास, परदेशी गेलेला त्यांचा एक शिष्य चांगला कॅसेट रेकॉर्डर घेऊन आला आणि म्हणाला, "नाना, रोज तासभर बसू. सगळ्या चिजा घेऊन ठेवू." नानांनी एक कॅसेट ऐकली आणि मान हलवली. "यात सरसर फार आहे रे. आता स्वच्छ आवाजाची नवी यंत्रं निघतायत म्हणतात. ती आली की बसू." त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. यंत्रे निघालीच. परंतु १९९८ साली नानांना पक्षाघात झाला आणि त्यांचे गाणे, बोलणेही, थांबले. पुढे ते सहा वर्षे होते.

आज त्यांचा आवाज माझ्याजवळ आहे तो सुमारे चाळीस मिनिटांचा. माझ्या आईने एका गणेशोत्सवात घरच्या साध्या टू-इन-वनवर, कोणाला न विचारता, बटण दाबून ठेवले होते. त्यात सरसर आहे, भांड्यांचा आवाज आहे, मध्येच कोणीतरी चहा विचारतो आहे. माझ्या संग्रहात त्याहून मौल्यवान काही नाही.

आपल्या शहराचा इतिहासही हेच सांगतो. हिंदुस्थानात गाण्याच्या तबकड्या निघू लागल्या त्या १९०२ पासून, कलकत्त्याला. एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटे, एवढीच तिची ऐपत. तासभर राग मांडणाऱ्या गवयाला हे यंत्र अपुरे वाटावे यात नवल नाही. तरी फैयाजखाँसाहेब त्या तीन मिनिटांत गायले. अधिक वेळाची लाँग प्ले तबकडी परदेशात निघाली १९४८ साली, आणि खाँसाहेब १९५० साली याच शहरात गेले. चांगल्या यंत्रासाठी ते थांबले असते, तर त्या तबकड्यांतला आवाज आपल्याला मिळाला नसता. उलट भास्करबुवा बखले, जे बडोद्यात फैजमहंमदखाँसाहेबांकडे शिकले, ते १९२२ साली गेले. तबकड्या निघू लागून तेव्हा वीस वर्षे झाली होती. पण बुवांची एकही तबकडी आज उपलब्ध नाही. त्यांचे गाणे कसे होते हे आपण केवळ वर्णनांवरून जाणतो.

गुरुवारी संध्याकाळी मी दांडिया बाजारात गेलो. दुसऱ्या दिवशी फोन दुकानात यायचा होता. दादासाहेबांना मी दहा हजारांचा हिशेब सांगितला, सात वर्षांची बाजूही सांगितली, आणि म्हटले, "घ्यायचा की नाही ते तुम्ही ठरवा. मला विचाराल तर हा फोन अजून दोन वर्षं चालतोय. पण आजींचं गाणं त्या प्रश्नाला बांधू नका. ते आज होऊ द्या." मग विद्यार्थ्याकडे वळून नानांची हकीकत सांगितली. तो काही बोलला नाही. उठला आणि पंखा बंद केला.

आम्ही माजघराचे दार लावले, शीतकपाटाची कळ काढली. फोन विमानात ठेवतात तशा स्थितीत केला, म्हणजे मध्येच कोणाचा निरोप वाजू नये. ध्वनिमुद्रणाच्या व्यवस्थेत आवाज न दाबता पूर्ण ठेवण्याची सोय असते, ती निवडली. घडी केलेल्या पंचावर फोन ठेवून तो आजींपासून हातभर दूर सरकवला. "माझा गळा आता कुठला राहिलाय?" असे म्हणत त्यांनी तंबोऱ्याकडे पाहिले, आणि मी तो लावीपर्यंत त्यांनी पदर सावरून मांडी घातली होती.

पाऊण तासात सात चिजा झाल्या. दोनदा खोकला आला, एकदा अंतरा विसरून मागाहून आठवला, खालून भाजीवाल्याची आरोळी आली. ते सारे त्यात आहे. त्याच रात्री मुलाने त्याच्या दोन प्रती निरनिराळ्या ठिकाणी ठेवल्या. दर रविवारी शिकवणीपूर्वी अर्धा तास आजींचा, असे आता ठरले आहे. गौरीची गाणी अजून व्हायची आहेत.

फोन त्या शुक्रवारी आला नाही. दादासाहेबांनी ठेव पुन्हा वर्षभरासाठी ठेवली. मुलगा अधूनमधून दुकानात जाऊन तो हातात घेऊन पाहतो, आणि त्यात मला काही गैर वाटत नाही. एकोणिसाव्या वर्षी मीही मिरजेचे तंबोरे असेच पाहत असे. ज्यांच्या घरी अशा एखाद्या आजी किंवा आजोबा आहेत, त्यांनी आपला फोन कितव्या सालचा आहे हे आज पाहू नये. पंखा तेवढा बंद करावा.