सौरघट सिडनीचा, कारखाना वूशीचा

आज जगभरच्या छपरांवर आणि माळरानांवर दिसणाऱ्या सौर पॅनेलांपैकी फार मोठा वाटा ज्या रचनेच्या घटांचा आहे, ती रचना ऑस्ट्रेलियात, सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात जन्मली. तिथे मार्टिन ग्रीन यांनी 1974 पासून सौरघटांवर संशोधन उभे केले. प्रश्न साधा वाटावा असा होता: सिलिकॉनवर पडलेल्या प्रकाशातली जास्तीत जास्त ऊर्जा वीज म्हणून बाहेर कशी काढायची? प्रकाशाने मोकळा झालेला इलेक्ट्रॉन बाहेरच्या मंडलात पोचण्याआधीच पुन्हा रिकाम्या जागेत जाऊन बसला, तर ती ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. जुन्या घटांची मागची बाजू पूर्णपणे ॲल्युमिनियमने झाकलेली असे आणि धातू सिलिकॉनला जिथे भिडतो तिथे ही गळती फार होई. ग्रीन, अँड्र्यू ब्लेकर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धातू आणि सिलिकॉन यांच्या मध्ये पातळ निरोधक थर घातला, त्याला बारीक छिद्रे ठेवली आणि धातूला फक्त त्या छिद्रांमधून सिलिकॉनला टेकू दिले. मागे पोचलेला प्रकाशही या थरावरून परतून पुन्हा सिलिकॉनमध्ये येऊ लागला. ‘पर्क’ या नावाने ओळखला जाणारा हा घट 1989 मध्ये 22.8 टक्के कार्यक्षमतेपर्यंत पोचला.

मात्र प्रयोगशाळेतला हा घट कारखान्यांत रुळायला आणखी सुमारे पाव शतक गेले. मागच्या बाजूचा थर स्वस्तात आणि झपाट्याने चढवता येणे गरजेचे होते. ॲल्युमिनियम ऑक्साइड हे काम उत्तम करते, हे 2000 नंतरच्या दशकात नेदरलँड्समधील आइंडहोवन तंत्रज्ञान विद्यापीठ आणि जर्मनीतील हामेलिनची सौरऊर्जा संस्था यांच्या संशोधकांनी दाखवले. एका खंडात रचना, दुसऱ्यात थर, तिसऱ्यात उत्पादन असा हा प्रवास. तो शक्य झाला तो प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधांमुळे आणि त्याहून अधिक, एका प्रयोगशाळेतून दुसरीकडे गेलेल्या माणसांमुळे. ग्रीन यांच्याकडे 1992 मध्ये पीएच.डी. पूर्ण करणारे शी झेंगरोंग यांनी 2001 मध्ये चीनमधील वूशी शहरात सनटेक ही कंपनी काढली. अनेक विक्रमी घट घडवणारे झाओ जियानहुआ आणि वांग आयहुआ हेही पुढे चीनमधल्या सौरउद्योगात गेले. ग्रीन, ब्लेकर्स, झाओ आणि वांग या चौघांना 2023 चा क्वीन एलिझाबेथ अभियांत्रिकी पुरस्कार मिळाला.

यावर पहिला आक्षेप असा: ऑस्ट्रेलियाने पैसा आणि बुद्धी घातली, कारखाने मात्र चीनमध्ये उभे राहिले. मग विद्यापीठाने ज्ञान फुकट दिले असेच म्हणायचे ना? हे दुःख खोटे नाही. सौर पॅनेलच्या उत्पादनसाखळीच्या प्रत्येक टप्प्यात आज चीनचा वाटा 80 टक्क्यांहून अधिक आहे, आणि एकाच देशावर असे विसंबणे जगाला परवडणारे नाही. पण कारखाने कुठे उभे राहतात हे भांडवल, औद्योगिक धोरण आणि मजुरी ठरवते. ते धोरण आखणे सरकारचे काम आहे. ते सरकारने केले नाही म्हणून विद्यापीठाने दारे बंद करावीत, हा तर्क मला पटत नाही. दारे बंद असती तर 2010 ते 2020 या दशकात पॅनेलच्या किमती सुमारे 90 टक्क्यांनी उतरल्या, तो उतार लांबला असता. त्याचा लाभ ऑस्ट्रेलियातल्या घरांनाही झाला आणि आपल्यालाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. किमती उतरल्या त्या जर्मनीने 2000 च्या कायद्याने सौरविजेला दिलेल्या हमीदरामुळे आणि चीनमधल्या प्रचंड उत्पादनामुळे. विद्यापीठाचे श्रेय त्यात किती? हमीदराशिवाय बाजार तयार झाला नसता, हे मान्यच करावे लागेल. परंतु मागणी वाढली तेव्हा ती पुरवण्यासाठी लागणारी रचना आणि ती समजणारी प्रशिक्षित माणसे आधीच तयार होती. ती तयार करण्याची उसंत नफ्याच्या तिमाही हिशेबात बांधलेल्या कंपनीला मिळत नाही. शिवाय कंपनी आपल्याच घटाची कार्यक्षमता सांगते तेव्हा ग्राहकाने विश्वास कोणावर ठेवायचा? ग्रीन आणि त्यांचे सहकारी 1993 पासून जगभरच्या घटांच्या, स्वतंत्र प्रयोगशाळांत मोजलेल्या विक्रमांचे तक्ते नियमित प्रसिद्ध करत आले आहेत. हे काम दिसायला कोरडे असले, तरी देशोदेशींच्या प्रयोगशाळा आणि कारखाने यांची भागीदारी विश्वासावर चालते आणि तो विश्वास अशा मोजमापातूनच येतो.

भारतासाठी हा मुद्दा थेट लागू आहे. पॅनेलची क्षमता 25 अंश सेल्सिअसला मोजलेली असते. विदर्भातल्या मे महिन्यात पॅनेलचे तापमान 60 अंशांवर गेले, तर प्रत्येक अंशामागे साधारण 0.4 टक्के या दराने सुमारे 14 टक्के वीज कमी होते. आयआयटी मुंबईतील राष्ट्रीय सौरघट संशोधन व शिक्षण केंद्राने राष्ट्रीय सौरऊर्जा संस्थेसोबत 2013 पासून देशभरातल्या पॅनेलांच्या पाहण्या केल्या. उष्ण हवामानात पॅनेल अधिक वेगाने खालावतात आणि लहान, छपरावरच्या प्रकल्पांची स्थिती मोठ्या प्रकल्पांपेक्षा वाईट असते, असे त्यांत आढळले. ही माहिती थंड देशातली कोणतीही प्रयोगशाळा आपल्याला देणार नाही, आणि उष्ण प्रदेशात पॅनेल विकणाऱ्या साऱ्या जगाला ती हवी आहे. पण अशा कामाला लांब मुदत लागते. भारत-अमेरिका सौर संशोधन संस्था 2012 मध्ये बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या सहभागाने सुरू झाली, तिची मुदत पाच वर्षांची होती. एका विद्यार्थ्याची पीएच.डी. जेमतेम तेवढ्यात होते. पॅनेल मात्र 25 वर्षे टिकावे अशी अपेक्षा असते. तेव्हा पुढच्या करारांत निदान मोजमापाच्या कामाला आणि विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीला पॅनेलच्या आयुष्याइतकी मुदत दिली पाहिजे, आणि त्यातून जमलेली आकडेवारी सर्वांना खुली ठेवण्याची अट त्यात पहिल्याच पानावर हवी.