शिस्त घरापासून

अंजनगाव सुर्जीकडचे पालक आम्हाला म्हणत, "गुरुजी, पोरगं ऐकत नसन तं हाना त्याले!" पण कपाशीची वेचणी आली की त्याच पोराला ते शेतात नेत. कोणी पानमळ्यात नेई. लहान भाऊ सांभाळायला मुलगी घरी राही. मग शाळेचा नियम मोडला कोणी?

छडीने शिस्त लागत नाही, हे आम्ही उशिरा शिकलो. मार चुकवायला मुलगा शाळाच चुकवतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने तर मुलांना मारण्याची आणि त्यांचा मानसिक छळ करण्याची मनाईच केली आहे.

दहावीच्या परीक्षेला बसायला ७५ टक्के हजेरी लागते. म्हणजे शाळा शंभर दिवस भरली, तर पंचाहत्तर दिवस मूल वर्गात हवे. वेचणीचे दिवस, बाजाराचे दिवस, लग्नाचे दिवस, असे खाडे वाढतात आणि परीक्षा हातची जाते.

म्हणून बंधूंनो, भगिनींनो, एवढे करा. घंटा होण्याआधी मुलांना शाळेत पाठवा. खाडा झालाच तर चिठ्ठी द्या. ती आता तुम्हाला लिहिता येते. महिन्यातून एकदा शाळेत जाऊन हजेरी पाहा. तीही आता तुम्हाला वाचता येते.