पोर वांड नाही, त्याचे लक्ष टिकत नाही

"पोरगं हुशार आहे हो, पण बूड टेकत नाही!" साताऱ्याच्या वस्त्यांपासून सांगलीच्या हळद पेठेपर्यंत आयाबायांच्या तोंडून हे वाक्य आम्ही कितीदा तरी ऐकतो. दप्तर शाळेतच राहिले, गणित अर्धे सोडून उठला, वाहन न बघता रस्त्यावर धावला, या रोजच्या तक्रारी. मग शाळेत शिक्का बसतो, 'ढ' किंवा 'वांड'. बाप विट्याच्या मागावर पाळी करून दमून येतो आणि हात उगारतो. आई म्हणते, मीच वळण लावायला कमी पडले.

माता-बंधूंनो, यात आईचा दोष नसेल आणि पोराचा हट्टही नसेल. लक्ष न टिकणे आणि अतिचंचलता ही मेंदूच्या वाढीशी निगडित अवस्था आहे. डॉक्टर तिला 'एडीएचडी' म्हणतात. जगभरात शंभर मुलांमागे साधारण पाच मुलांत ती आढळते. लक्ष धरून ठेवणे, थांबणे, स्वतःला आवरणे ही मेंदूची कामे अशा मुलांना जड जातात. पुष्कळदा ही गोष्ट घराण्यातून येते. हुशार मुलांतही ती असते. बाहेरची बाधा नाही, त्यामुळे उतारा आणि गंडेदोरे यांवर पैसा घालवू नका.

मात्र प्रत्येक खोडकर पोराला हे नाव चिकटवू नका. लक्षणे बारा वर्षांच्या आत दिसलेली असावीत, सहा महिन्यांहून अधिक टिकलेली असावीत, घरी व शाळेत दोन्हीकडे असावीत आणि त्यांनी मुलाचे नुकसान होत असावे. मुलींकडे विशेष पाहा. त्या दंगा करत नाहीत, नुसत्या खिडकीबाहेर बघत बसतात, म्हणून राहून जातात. डोळे, कान, झोप आणि अंगात रक्त कमी आहे का, हेही आधी तपासून घ्यावे.

तपासणीसाठी मोठा खर्च करावा लागतो असे नाही. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळा-अंगणवाडीत येतात. त्यांच्या यादीत ही अवस्था आहे. पथकाला स्वतःहून सांगा. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालयात, सांगली-मिरजेत शासकीय रुग्णालयात चौकशी करा. २०२२ पासून चालू असलेल्या टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो.

घरी काय करावे? एका वेळी एकच काम सांगा, तेही मुलाच्या समोर उभे राहून. अभ्यास दहा-पंधरा मिनिटांचा, मध्ये थोडी मोकळीक. खोली एकच असली तरी तेवढा वेळ टीव्ही-मोबाईल बंद ठेवता येतो. दप्तर रात्रीच भरून दाराशी ठेवा. चांगले केले की तिथल्या तिथे शाबासकी द्या. संध्याकाळची शाबासकी सकाळच्या कामाला पोचत नाही. खेळ आणि पुरेशी झोप हवीच. गुरुजींना विनंती करा की पुढच्या बाकावर बसवा, फळा पुसण्यासारखे उठण्याचे काम द्या.

काही मुलांना गोळी लागते. सहा वर्षांखालील मुलांत आधी पालकांनाच शिकवण देतात. मिथिलफेनिडेटसारख्या गोळीने भूक वा झोप कमी होऊ शकते, म्हणून वजन-उंची पाहत राहावे लागते. ती डॉक्टरांच्याच देखरेखीखाली द्यावी, आपल्या मनाने सुरू वा बंद करू नये.

मार हा उपाय नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत मारणे व मानसिक छळ करणे यांना मनाई आहे. तीच मनाई आपण घरातही पाळू या.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत भीमराव आंबेडकरांचे नाव दाखल झाले. २०१७ पासून महाराष्ट्रात तो 'विद्यार्थी दिवस' आहे. आपल्या घरात शाळा सहज आलेली नाही. 'ढ' या एका शब्दापायी पोराचे नाव शाळेतून काढून त्याला गवंड्याच्या हाताखाली धाडण्याआधी एकदा दवाखान्याची पायरी चढा. आमचे सांगणे एवढेच.