वालाची पेरणी जूनमध्येच ठरते

महाड आणि पोलादपूर तालुक्यांत भाताची कापणी झाली की त्याच खाचरांत वाल पेरला जातो आणि जून ते सप्टेंबर या काळात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक पाऊस झेललेल्या जमिनीत जी ओल मागे उरते, तिच्यावरच हे पीक फेब्रुवारी-मार्चपर्यंत वाढून हाती येते. पेरणीनंतर बहुतेक ठिकाणी त्याला एकही पाणी दिले जात नाही. त्यामुळे वाल केव्हा पेरावा या प्रश्नाला येथे असाधारण महत्त्व आहे. ओलिताच्या पिकात पेरणीस उशीर झाला तर पाणी देऊन ती चूक काही अंशी सावरता येते, तशी सोय कोरडवाहू वालाला नसते.

शेंगवर्गीय पिकांच्या पेरणीची वेळ सर्वत्र एकाच कारणाने ठरत नाही. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या डोंगराळ भागातून युरोपात गेलेला लाल फुलांचा वेलघेवडा ब्रिटनमध्ये एप्रिल-मे महिन्यांत आडोशाला कुंड्यांत पेरतात आणि हिमतुषाराचा धोका टळल्यावर, मेअखेरीस किंवा जूनमध्ये, त्याची रोपे उघड्यावर लावतात, कारण मातीचे तापमान सुमारे १२ अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर त्याचे बी नीट उगवत नाही आणि एका रात्रीच्या गोठवणाऱ्या थंडीत कोवळे रोप मरते. महाड तालुक्यातल्या शिवथरच्या खोऱ्यात हिमतुषाराची भीती नाही. येथे पेरणी बांधून ठेवतात त्या दोन गोष्टी म्हणजे मातीतली ओल आणि रात्रीची लांबी.

यांपैकी ओलीचा हिशेब अधिक घाईचा आहे. भातलावणीपूर्वी चिखलणी करताना मातीच्या कणांची नैसर्गिक रचना मुद्दाम मोडली जाते, जेणेकरून पाणी खाचरात साचून राहावे. परंतु तीच चिकण माती पाणी ओसरल्यावर झपाट्याने आवळते, तिला भेगा पडतात आणि भेगांमधून खालची ओलही उडू लागते. मातीच्या पोकळ्यांत हवा आणि पाणी दोन्ही योग्य प्रमाणात असतात, त्या स्थितीला वाफसा म्हणतात. वाफसा येण्यापूर्वी पेरलेले बी प्राणवायूअभावी कुजते, तर तो निघून गेल्यावर नांगर धरला तर ढेकळे निघतात आणि ढेकळांत पडलेल्या बियांना अंकुरण्यापुरतेही पाणी मिळत नाही. वेळेवर उगवलेल्या रोपाचे सोटमूळ मात्र खाली खाली सरकणाऱ्या ओलीचा पाठलाग करत जाते आणि पृष्ठभाग कोरडा पडेपर्यंत खोलवर पोहोचते. सह्याद्रीच्या कड्यांखालच्या अशा खोऱ्यात उताराची, निचऱ्याची खाचरे आधी वाफशावर येतात आणि डोंगरातून पाझर येणारी किंवा नदीकाठची सखल खाचरे नंतर, म्हणून एकाच गावात पेरणीची एकच तारीख सांगणे शास्त्राला धरून होणार नाही. हिवाळ्यातील दव पाने ओली ठेवून सकाळचे काही तास बाष्पोत्सर्जन, म्हणजे पानांतून होणारा पाण्याचा ऱ्हास, कमी करते. मुळांशी आटलेली ओल मात्र ते भरून काढू शकत नाही.

रात्रीच्या लांबीचा प्रभाव डोळ्यांना सहज दिसत नाही, तरी तो तितकाच निर्णायक आहे. गार्नर आणि अ‍ॅलार्ड या अमेरिकी संशोधकांनी १९२० मध्ये तंबाखू आणि सोयाबीनवरील प्रयोगांतून दाखवून दिले की काही वनस्पती दिवस ठरावीक मर्यादेपेक्षा लहान झाल्यावरच फुलतात; पुढे १९३८ मध्ये हॅमनर आणि बॉनर यांच्या प्रयोगांतून स्पष्ट झाले की वनस्पती खरे तर अखंड अंधाराचा काळ मोजते. हे मोजमाप पानांतील फायटोक्रोम या प्रकाशग्राही रंगद्रव्याच्या साह्याने होते. वालाचे पारंपरिक वाण अशा अल्पदिनी गटातले आहेत. शिवथर सुमारे १८ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने तेथील सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांचा आणि सर्वांत लहान अकरा तासांचा भरतो. एवढा सुमारे सव्वादोन तासांचा फरकही या वेलीला ऋतू ओळखायला पुरतो. म्हणूनच पावसाच्या सुरुवातीला परसात कुंपणावर चढवलेला पारंपरिक वेल चार महिने नुसता पानांनी माजतो आणि थंडीच्या तोंडावर फुलतो, तर भातानंतर पेरलेला वाल लहान असतानाच फुलावर येतो. लवकर पेरणी म्हणजे लवकर शेंगा, हा समज या वाणांना लागू पडत नाही. बंगळूरच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेने अर्का जय आणि अर्का विजय हे दिवसाच्या लांबीवर अवलंबून नसलेले झुडपी वाण तयार केले आहेत. परंतु ते भाजीच्या शेंगांसाठी आहेत आणि ओलिताखाली बाराही महिने भाजी घेणाऱ्याला त्यांचा उपयोग अधिक. बिरड्याच्या कडव्या वालाची जागा ते घेत नाहीत.

रात्र मोठी होत असताना जमिनीत ओल शिल्लक असणे, हा योग कोकणात ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत जुळतो. पेरणी डिसेंबरमध्ये गेली तर रोप पुरेसे वाढण्याआधीच फुलते, शेंगा भरण्याचा काळ मार्चच्या उन्हात आणि कोरड्या जमिनीत सापडतो आणि फुलगळ होऊन दाणे बारीक राहतात. वेळेवर पेरलेल्या वालाच्या शेंगा जानेवारीत भरू लागतात. रायगड जिल्ह्यात मडक्यात या शेंगा आणि भांबुर्ड्याचा पाला घालून पोपटी लावली जाते, ती याच दिवसांत.

खाचर केव्हा मोकळे होते हे मात्र भाताच्या वाणावर अवलंबून असते आणि खरा निर्णय येथेच होऊन जातो. जूनच्या आरंभी पेरलेले कर्जत-३ सारखे सुमारे ११५ ते १२० दिवसांचे हळवे भात ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात कापणीला येते, तर सुवर्णासारख्या सुमारे १४५ दिवसांच्या गरव्या भातासाठी नोव्हेंबर उजाडतो आणि निचऱ्याच्या जमिनीत तोवर वाफसा उलटून गेलेला असतो. हळव्या भाताचे उत्पन्न काहीसे कमी मिळते हे खरे, पण त्याच्यामागून येणारा वाल मुळांवरील गाठींतल्या जिवाणूंच्या साह्याने हवेतील नत्र स्थिर करतो आणि त्याचा काही वाटा पुढच्या भातालाही मिळतो, हे जमाखर्चात धरले पाहिजे. उलट, पाझराच्या सखल खाचरात हळवे भात लावण्याची घाई नको. तेथे ओल टिकते, म्हणून गरव्यानंतरही वाल साधतो.

पेरणीची वेळ साधूनही पीक जाते ते अनेकदा भातकापणीनंतर मोकाट सुटणाऱ्या गुरांमुळे, आणि त्यावर कुंपणापेक्षा स्वस्त उपाय एकच आहे. हळव्या भाताची खाचरे शक्यतो सलग राखावीत आणि शेवटचा वाल निघेपर्यंत गुरे सोडायची नाहीत असे गावाने एकत्र बसून, भाताचे बियाणे घेण्यापूर्वीच ठरवावे.