चुंबनानंतरची धास्ती

चुंबन झालं आणि दोन दिवसांनी घसा खवखवू लागला की अनेकांची झोप उडते. एचआयव्ही तर नसेल?

या विषाणूकडे जणू एकच किल्ली असते आणि ती लागते फक्त काही ठरावीक रोगप्रतिकारक पेशींना. अखंड त्वचेचा वरचा थर मृत पेशींचा. तिथे तिचा उपयोग नाही. लाळेत विषाणू नगण्य, शिवाय त्याला रोखणारे घटकही. म्हणून मिठी, स्पर्श किंवा रक्तस्राव नसताना घेतलेलं चुंबन यांतून एचआयव्ही होत नाही. हर्पिस मात्र चुंबनातून पसरतो, ओठांवर फोड असताना तर सहजच.

मग घसा का खवखवतो? एचआयव्हीची सुरुवातीची लक्षणं साधारण दोन ते चार आठवड्यांनी दिसतात, दोन दिवसांत नाही. साधी सर्दीही असेल. पण भीतीनेही अॅड्रिनलिन वाढतं, छाती धडधडते, तोंड कोरडं पडतं. मन सारखं तिथेच घुटमळलं की खवखव आणखी जाणवते. हा त्रास खराच असतो, त्याला कुणी हसू नये.

असुरक्षित संभोग झाला असेल तर गोष्ट वेगळी: 72 तासांच्या आत डॉक्टरांना गाठा, प्रतिबंधक औषध मिळतं. इतर शंकांसाठी 1097 हा मोफत क्रमांक आहे.