परदेशातील चाचणी : औषध मोफत, पण बाकीचे?

उपलब्ध उपचारांचा उपयोग होईनासा झाला की कर्करुग्णाचे कुटुंबीय परदेशात काही नवे मिळते का, हे शोधू लागतात. ‘क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह’ या अमेरिकी सरकारच्या नोंदणीवर जगभरातील चाचण्यांची माहिती कोणालाही पाहता येते. एखादी चाचणी आपल्याच आजारावर असल्याचे दिसते, औषधही मोफत असते आणि घर विकून जाण्याचा विचार सुरू होतो.

इथेच थांबून हिशेब करायला हवा. प्रायोगिक औषध आणि केवळ संशोधनासाठीच्या तपासण्या यांचा खर्च साधारणपणे प्रायोजक करतो. नेहमीचे स्कॅन, रक्ततपासण्या, रुग्णालयातील मुक्काम हा खर्च मात्र बरेचदा रुग्णावर येतो. अमेरिकी रुग्णासाठी तो सहसा विमा कंपनी देते. परदेशी रुग्णाला तो आधार नसतो. म्हणून अनेक रुग्णालये आधीच मोठी अनामत मागतात. बेथेस्डा येथील ‘एनआयएच’चे सरकारी रुग्णालय चाचणीतील उपचारांचे पैसे घेत नाही, पण परदेशी रुग्ण घ्यायचा की नाही, हे त्या त्या चाचणीवर ठरते.

दुसरा प्रश्न निवडीचा. गाठीतील जनुकीय बदल, आधी घेतलेली औषधे, यकृत-मूत्रपिंडाचे काम, रुग्णाची हिंडण्या-फिरण्याची ताकद असे निकष असतात. कागदपत्रे पाहून होकार आला, तरी अंतिम निर्णय तिथल्या तपासण्यांनंतरच होतो. म्हणजे विमानप्रवास करून पोहोचल्यावरही नकार मिळू शकतो.

चाचणी म्हणजे हमखास इलाज नव्हे. पहिल्या टप्प्यात मुख्यतः औषध किती सुरक्षित आहे आणि मात्रा किती द्यावी, हे तपासतात. पुढच्या टप्प्यांत रुग्णांचे गट बहुधा चिठ्ठ्या टाकाव्यात तसे पाडले जातात. त्यात नव्या औषधाऐवजी प्रचलित उपचारही वाट्याला येऊ शकतात.

आपल्याकडे काय आहे, हेही आधी पाहावे. भारतातील चाचण्यांची नोंद २००७पासून ‘सीटीआरआय’वर होते आणि अनेक बहुराष्ट्रीय चाचण्यांची केंद्रे इथेही असतात. रक्ताच्या काही कर्करोगांवरील ‘नेक्सकार १९’ ही कार-टी पेशी उपचारपद्धती आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या सहकार्यातून घडली. तिच्या चाचण्या भारतातच झाल्या आणि २०२३मध्ये तिला मान्यता मिळाली.

तरीही जायचे ठरले, तर आपल्या कर्करोगतज्ज्ञांमार्फत पॅथॉलॉजीचे अहवाल, स्कॅन आणि उपचारांचा गोषवारा पाठवून चार गोष्टींची लेखी उत्तरे घ्यावीत : कोणता खर्च कोण करणार? दुष्परिणाम झाल्यास उपचारांचे पैसे कोण देणार? किती आठवडे तिथे राहावे लागेल? चाचणी संपल्यावर औषध मिळत राहील का? अमेरिकेच्या वैद्यकीय व्हिसासाठीही आजाराची माहिती, रुग्णालयाचे पत्र आणि खर्चाची तजवीज दाखवावी लागते.

हातात थोडेच महिने असतील, तर ते घरापासून दूर घालवायचे का, हे मात्र रुग्णालाच विचारावे.