बेडकाचे तळे कोणत्या महिन्यात पाहिले?

मृगाचा एक चांगला पाऊस झाला, की उमरी परिसरातल्या नाल्यांत आणि डबक्यांत रात्रभर डरांव-डरांव सुरू होते. पाऊस लांबला तर पोरे कडुनिंबाच्या पाल्यात बेडूक बांधून धोंडी काढतात. बेडकाचे पावसाशी नाते इथे कुणाला सांगावे लागत नाही. त्याचे आरोग्याशी नाते मात्र कमी ठाऊक आहे.

मध्य अमेरिकेतील कोस्टारिका आणि पनामा या देशांत एका बुरशीच्या साथीने बेडूक झपाट्याने नष्ट झाले. त्यानंतर तिथे मलेरिया वाढला. साथ भरात असताना वर्षाला दर हजार लोकांमागे सुमारे एक रुग्ण जादा होता, असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. बेडूक आणि बेडूकमासे डास व त्यांच्या अळ्या खातात, हे त्यामागचे संभाव्य कारण. म्हणून बेडूक पाळून डेंगू जाईल, असे कुणी समजू नये. आठवड्यातून एकदा रांजण घासून कोरडा करायलाच हवा.

बेडकाला आपल्याकडे संरक्षण नाही असे नाही. परदेशी पाठवल्या जाणाऱ्या बेडकांच्या पायांची निर्यात १९८७ मध्ये बंद झाली. पण प्राणी वाचवणे वेगळे, त्याचे पाणी वाचवणे वेगळे. २०१७ च्या पाणथळ जागांच्या नियमांतून पिण्यासाठी किंवा सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले तलाव वगळले आहेत. मराठवाड्यात पाणी साठते ते बहुतेक अशाच तलावांत. गावतळी ही समाजाची मालमत्ता असून ती जपली पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये सांगितले. तेवढाच काय तो आधार.

इंग्लंडमध्ये न्यूट नावाचा पालीसारखा दिसणारा उभयचर आहे. त्याच्या तुरेवाल्या जातीचे तळे बांधकामाजवळ असेल, तर सहसा आधी पाहणी करावी लागते. प्राण्याला धक्का बसणार असेल तर परवाना लागतो आणि गेलेल्या तळ्याची भरपाईही करावी लागते. तळ्याच्या पाण्यातील डीएनए तपासायचा तर नमुना एप्रिलच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंतच घेतात, कारण तो त्यांच्या विणीचा काळ.

आपल्याकडे नेमके उलटे घडते. मोठ्या महामार्गांना २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरी लागते. त्यासाठीची माहिती बहुधा एकाच हंगामात, तीही पावसाळा सोडून, गोळा करतात. हवेतली धूळ मोजायला ते ठीक. पण त्या दिवसांत इथला बेडूक जमिनीखाली दडलेला असतो! मे महिन्यात कोरड्या तळ्याच्या काठावर उभे राहणाऱ्याला काय दिसणार?

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतून सिंधुदुर्गाकडे जाण्याचे नियोजन असलेल्या शक्तिपीठ महामार्गाच्या निमित्ताने हा प्रश्न दारात आला आहे. सिंधुदुर्गातल्या आंबोलीत तर जगात फारच थोड्या जागी सापडणारा, नामशेष होण्याच्या उंबरठ्यावरचा एक भेक आहे. अशा प्रकल्पांची जनसुनावणी प्रदूषण नियंत्रण मंडळ घेते. तिची सूचना किमान ३० दिवस आधी निघते आणि अहवालाचा गोषवारा मराठीतही ठेवावा लागतो. तो मागून घ्यावा, आपल्या गावचे तळे त्यात आहे का ते पाहावे आणि ते कोणत्या महिन्यात पाहिले, हे सुनावणीत लेखी विचारावे.